प्रोसेसरची चाचणी: सेकंदाचा भाव आणि नगाचा खर्च कसा काढायचा

दहा लाख प्रोसेसर बनवायचे आहेत आणि प्रत्येकाच्या चाचणीतून एक सेकंद कमी झाला, तर किती पैसे वाचतील? या लेखातला आपला दर (सेकंदाला २ रुपये ३६ पैसे) धरला आणि एका वेळी एकच चिप तपासली, तर २३ लाख ६० हजार रुपये. या एका सेकंदासाठी चिप कंपन्यांमध्ये महिनोन् महिने काम चालतं. तरीही चाचणीचा खर्च म्हणजे यंत्राची किंमत, असंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो चार गोष्टींवर ठरतो: टेस्टरच्या (चिप तपासणाऱ्या यंत्राच्या) सेकंदाचा भाव, एका नगाला लागणारे सेकंद, चाचणीतून निसटलेल्या खराब नगांची किंमत आणि तयारीचा एकरकमी खर्च. छोट्या उत्पादनात यातली चौथी बाब बाकी तिघींना गिळून टाकते, आणि नेमकं तिकडेच लक्ष नसतं.

नाशिकमध्ये चिप बनत नाहीत. तरी हा हिशेब इथल्या लोकांनी शिकायला हवा, कारण काम जवळ येतंय. अंबडला स्विचगिअर बनवणाऱ्या सीजी पॉवरने जपानच्या रेनेसास आणि थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सबरोबर गुजरातमधल्या साणंदमध्ये चिप पॅकेजिंग (चिपला आवरण आणि जोडण्या बसवणं) आणि चाचणीचा प्रकल्प उभारला आहे. तिथेच मायक्रॉन आणि केन्स या कंपन्यांचे प्रकल्प आहेत, आसामात जागीरोडला टाटांचा प्रकल्प आहे. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीने उद्या स्वतःची कंट्रोलर चिप डिझाइन करून घेतली, तर चाचणीचं कोटेशन अशाच ठिकाणांहून येईल. ते वाचता आलं पाहिजे, आणि त्यावर घासाघीसही करता आली पाहिजे.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करू. डिझाइन बरोबर आहे का, हे तपासणं म्हणजे व्हेरिफिकेशन. बरोबर डिझाइनची ही एक प्रत नीट छापली गेली आहे का, हे तपासणं म्हणजे टेस्ट. १९९४ साली इंटेलच्या पेंटियममधल्या भागाकाराच्या चुकीने कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला, पण ती चूक डिझाइनची होती. प्रत्येक नगात ती सारखीच होती, त्यामुळे कारखान्यातल्या कितीही चाचण्या वाढवल्या असत्या तरी ती सापडली नसती. हा लेख फक्त दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पुढचे रुपयांचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

पायरी १: सेकंदाचा भाव काढा

टेस्टर, त्याला चिप भरवणारा हँडलर किंवा वेफर (जिच्यावर चिपा छापतात ती सिलिकॉनची गोल चकती) धरणारा प्रोबर, असा एक संच १५ कोटींचा धरू. घसारा पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला ३ कोटी. देखभाल करार आणि सुटे भाग ८ टक्के धरले तर १ कोटी २० लाख. वीज, वातानुकूलन आणि जागा ६० लाख. ऑपरेटर आणि इंजिनिअरच्या पगाराचा या संचावरचा वाटा ४० लाख. एकूण ५ कोटी २० लाख.

वर्षात ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद असतात. यंत्र त्यातले ७० टक्के खऱ्या उत्पादनात चाललं, तर भाव पडतो सेकंदाला २ रुपये ३६ पैसे. वापर ५० टक्क्यांवर घसरला की तोच ३ रुपये ३० पैसे होतो, ८५ टक्क्यांवर गेला की १ रुपया ९४ पैसे. टेस्ट प्रोग्रॅममधली एकही ओळ न बदलता पडलेला हा फरक आहे.

वापर कुठे गळतो? लॉट (एकत्र आलेल्या नगांची खेप) बदलताना, सॉकेट (चाचणीसाठी चिप बसवायची खाच) बदलताना, कॅलिब्रेशनमध्ये, आणि इंजिनिअर नवा प्रोग्रॅम उत्पादनाच्याच यंत्रावर तपासत बसतात तेव्हा. वीज गेली तर नुकसान फक्त ती गेली होती तेवढ्या मिनिटांचं होत नाही. टेस्टर बंद पडून सुरू झाला की आतलं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो, मग कॅलिब्रेशन, मग खात्रीच्या नगांवर पडताळणी, आणि तेव्हा कुठे उत्पादन. वळवाच्या पावसात दहा सेकंद वीज गेली तरी तासभर हातचा जातो. म्हणून टेस्टर, हँडलर आणि त्यांचं शीतकरण, तिन्ही यूपीएसवर हवीत. फक्त टेस्टर यूपीएसवर ठेवून चिलर बाहेर ठेवला, तर तापमान वाढून यंत्र स्वतःच बंद पडतं आणि बॅटरीचा काही उपयोग होत नाही.

पायरी २: कोणती चाचणी कुठे करायची ते ठरवा

वेफर तयार झाला की आधी चिपांमधल्या मोकळ्या पट्ट्यांवरचे नमुना ट्रान्झिस्टर मोजतात. ही फाउंड्रीची, म्हणजे वेफर बनवणाऱ्या कारखान्याची, स्वतःची तपासणी, तिच्यात आपण लक्ष घालायचं कारण नाही. त्यानंतर सुयांचं कार्ड टेकवून वेफरवरच प्रत्येक डाय (अजून कापून सुटी न केलेली एकेक चिप) तपासतात, त्याला वेफर सॉर्ट म्हणतात. चांगले डाय पॅकेज होतात. मग अंतिम चाचणी, गरजेनुसार बर्न-इन (गरम करून चालवून कच्चे नग वेगळे काढणं), आणि शेवटी सिस्टीम लेव्हल टेस्ट, म्हणजे चिप खऱ्यासारख्या बोर्डवर लावून तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चालवून पाहणं.

वेफर सॉर्ट करायचं की वगळायचं, हा पहिला मोठा निर्णय. त्याची कसोटी सोपी आहे: खराब डायचं प्रमाण गुणिले पॅकेजचा खर्च, हे सॉर्टच्या खर्चापेक्षा जास्त आहे का? पॅकेज ३०० रुपयांचं आणि १० टक्के डाय खराब असतील, तर सॉर्ट न केल्यास नगामागे ३० रुपये पाण्यात जातात. सॉर्टला तीन-चार रुपये लागत असतील तर प्रश्नच उरत नाही. उलट ४ रुपयांचं प्लॅस्टिक पॅकेज आणि ३ टक्के खराबी असेल, तर वाया जातात १२ पैसे. अशा छोट्या कंट्रोलरसाठी सॉर्ट अगदी जुजबी ठेवावा किंवा वगळावा. एकाच पॅकेजात चार-पाच डाय बसवणार असाल तर मात्र सॉर्टमध्ये हात आखडता घेऊ नका. एक खराब डाय चार चांगल्यांना घेऊन बुडतो.

पायरी ३: सेकंद कुठे जातात ते मोजा

आपला नमुना प्रोसेसर असा धरू: १०० चौरस मिलिमीटरचा डाय, आत २० लाख फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारी छोटी सर्किटं), ८ एमबी कॅश (चिपमधलीच जलद मेमरी).

सगळ्यात मोठा घास स्कॅन चाचणीचा. यात चिपमधले सगळे फ्लिप-फ्लॉप साखळ्यांमध्ये ओवतात, बाहेरून ठरावीक शून्य-एक आत सरकवतात, एक घड्याळ-ठोका देतात आणि उत्तर बाहेर सरकवतात. वेळ येतो साखळीची लांबी गुणिले पॅटर्नची (अशा शून्य-एकांच्या संचांची) संख्या गुणिले एका ठोक्याचा काळ. २० लाख फ्लिप-फ्लॉप १६ साखळ्यांत वाटले, तर प्रत्येक साखळी १ लाख २५ हजारांची होते. १० हजार पॅटर्न आणि ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे ठोका २० नॅनोसेकंदांचा. गुणाकार करा: २५ सेकंद. आपल्या भावाने ५९ रुपये, फक्त एका चाचणीचे. शिवाय प्रत्येक पिनमागे १२५ कोटी ओळींचा डेटा टेस्टरच्या मेमरीत मावला नाही, तर मध्येच थांबून तो पुन्हा भरावा लागतो, आणि मग २५ सेकंदांचाही भरवसा नाही.

आता तेच डिझाइन स्कॅन कॉम्प्रेशनसह. चिपच्या आतच एक छोटं सर्किट बसवून बाहेरच्या १६ वाटांमधून आतल्या १००० साखळ्या भरायच्या. साखळी उरते २ हजारांची. कॉम्प्रेशनमुळे पॅटर्न थोडे वाढतात, १३ हजार धरू. वेळ ०.५२ सेकंद, खर्च १ रुपया २३ पैसे. ५९ रुपयांवरून सव्वा रुपयावर! आणि हा निर्णय टेस्ट इंजिनिअरच्या हातात नसतो. तो डिझाइन होत असतानाच घ्यावा लागतो. सिलिकॉन हातात आल्यावर 'चाचणी स्वस्त करा' म्हणणाऱ्याला देण्यासारखं उत्तर उरत नाही, म्हणून डिझाइनच्या पहिल्या बैठकीला टेस्टचा माणूस बसलाच पाहिजे.

ठोका जलद करून वेळ वाचवायचा मोह होतो. ५० ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केलं की वेळ निम्मा, हे कागदावर खरं. पण स्कॅन सरकवताना चिपमधले निम्म्याच्या आसपास फ्लिप-फ्लॉप एकाच वेळी उलटसुलट होतात. रोजच्या वापरात इतकी हालचाल कधीच होत नाही. वीज एकदम ओढली जाते, आतल्या तारांवर व्होल्टेज बसतं आणि धडधाकट चिप नापास होते. वेग वाढवल्यावर नापासांचं प्रमाण वाढलं, तर दोष सिलिकॉनचा समजू नका. आधी तेच नग कमी वेगाने पुन्हा चालवून पाहा. उपाय म्हणजे साखळ्यांचे ठोके थोडे मागे-पुढे करणं, पॅटर्नमधल्या बिनकामाच्या जागी शेजारचाच बिट भरून हालचाल कमी करणं, आणि लोडबोर्डवर (टेस्टर आणि चिप यांना जोडणाऱ्या बोर्डवर) चिपच्या अगदी जवळ पुरेसे कपॅसिटर देणं.

मेमरीचं गणित वेगळं. कॅशची तपासणी चिपमधलंच एक सर्किट करतं. मार्च सी-मायनस या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक शब्दावर १० क्रिया होतात. ८ एमबी म्हणजे ६४ बिटांचे १० लाख ४८ हजार शब्द, १ कोटी ५ लाख क्रिया, ५०० मेगाहर्ट्झला २१ मिलिसेकंद. दोन वेगळ्या नमुन्यांनी केली तरी ४२. म्हणजे वेळखाऊ ही चाचणी नाहीच. वेळ जातो तो 'लिहून ठेव, १०० मिलिसेकंद थांब, अजून टिकलंय का पाहा' या टिकाऊपणाच्या चाचणीत. शून्यासाठी एकदा आणि एकासाठी एकदा, असे २०० मिलिसेकंद टेस्टर नुसता उभा असतो. त्या वेळात गळतीचा प्रवाह मोजून घ्या. मेमरीला धक्का न लागता दोन्ही कामं होतात.

अशा थांब्यांकडे सगळ्यात आधी बघा, कारण त्यांना हात लावायला नवं यंत्र लागत नाही. टेस्ट प्रोग्रॅमचा वेळ-अहवाल काढा आणि 'वेट' शोधा. पहिल्या सिलिकॉनच्या गडबडीत कोणीतरी १० मिलिसेकंदांचा थांबा टाकलेला असतो, तोच पुढे ४० ठिकाणी चिकटवला जातो. झाले ०.४ सेकंद. प्रत्येक ठिकाणी ऑसिलोस्कोप लावून व्होल्टेज किती वेळात स्थिर होतं ते बघा, त्याच्या दुप्पट थांबा ठेवा, बाकीचा काढा.

किमान व्होल्टेज शोधण्याची चाचणी हेही असंच घबाड. ०.७० ते १.१० व्होल्टपर्यंत ५ मिलिव्होल्टच्या पावलांनी चढत गेलं तर ८० पावलं. प्रत्येकी १५ मिलिसेकंद धरले तर १.२ सेकंद. मधोमध विभागत शोधलं तर ७ पावलांत, ०.१०५ सेकंदात काम होतं. एकच काळजी घ्यायची: नापास पावलानंतर चिप गोंधळलेल्या अवस्थेत असते, पुढच्या पावलाआधी तिला रीसेट केलं नाही तर ती त्यापुढे चुकीचीच उत्तरं देत राहते. आणि मधेच एखाद्या व्होल्टेजला नापास, खाली पुन्हा पास, असं होणारे नग असतात. विभागून शोधताना ते हुकतात. म्हणून काही टक्के नगांवर पूर्ण चढण चालू ठेवावी.

पायरी ४: एका वेळी किती चिपा?

चार सॉकेट लावले म्हणून वेळ चौथाई होत नाही. टेस्टरची काही साधनं सगळ्यांत वाटून वापरावी लागतात. एका चिपला ४ सेकंद आणि चारांना मिळून ५.२ सेकंद लागत असतील, तर जादा वेळ १.२ सेकंद. तो ४ गुणिले ३ ने भागा: ०.१. म्हणजे समांतर कार्यक्षमता ९० टक्के, नगामागे १.३ सेकंद.

९० टक्के ऐकायला छान वाटतं, पण सॉकेट वाढले की तेच आकडे बोचतात. १६ सॉकेटना ९० टक्क्यांवर १० सेकंद लागतील, नगामागे ०.६३. कार्यक्षमता ९५ टक्के केली तर ७ सेकंद, नगामागे ०.४४. सॉकेट वाढवण्याआधी प्रोग्रॅममध्ये कोणत्या मोजण्या एकामागून एक चालतात ते शोधा. बहुतेक वेळा दोन-तीन ॲनालॉग मोजण्याच सापडतात.

अजून एक गैरसमज. 'नापास झाली की तिथेच थांबा, वेळ वाचेल.' एका सॉकेटवर खरं आहे. चार सॉकेटवर चारही एकदम नापास झाले तरच टेस्टर थांबू शकतो. १० टक्के खराबीला ती शक्यता दहा हजारांत एक. म्हणून अनेक सॉकेटवर चाचण्यांचा क्रम बदलून फारसं काही हाती लागत नाही. मात्र जोडणी आणि शॉर्ट तपासणारी चाचणी कायम पहिली ठेवा. तिने वेळ वाचतो म्हणून नव्हे, तर शॉर्ट असलेल्या चिपमधून मोठा प्रवाह जाऊन सुया आणि सॉकेट जळू नयेत म्हणून.

पायरी ५: वेफर सॉर्टचा पूर्ण हिशेब

३०० मिलिमीटरच्या वेफरवर १०० चौरस मिलिमीटरचे साधारण ६४० डाय बसतात. चौरस सेंटिमीटरला ०.१ दोष धरला तर ९०.५ टक्के चांगले निघतात, म्हणजे ५७९.

एका डायला १.५ सेकंद, चार एकदम आणि ९० टक्के कार्यक्षमता, म्हणजे १.९५ सेकंद. पुढच्या जागी सरकायला ०.५. एका टेकवणीला २.४५ सेकंद. ६४० भागिले ४ म्हणजे १६० टेकवण्या, पण वेफर गोल असतो, कडेला चारातल्या दोन सुया-संच हवेत राहतात. १७५ धरू. वेफर चढवणं, जुळवणं, उतरवणं ३ मिनिटं. एकूण ६०९ सेकंद, म्हणजे दहा मिनिटांच्या आसपास, १४३७ रुपये, चांगल्या डायमागे २ रुपये ४८ पैसे. बघा, यात जवळपास ३० टक्के वेळ वेफर चढवण्या-उतरवण्याचाच आहे. एकेका चाचणीतले मिलिसेकंद खरवडत बसण्याआधी तो कमी करता येतो का पाहावं.

प्रोब कार्ड, म्हणजे ते सुयांचं कार्ड, विसरू नका. ३० लाखांचं कार्ड १० लाख टेकवण्या टिकलं तर टेकवणीला ३ रुपये, चांगल्या डायमागे ९१ पैसे. सुयांच्या टोकांवर ॲल्युमिनिअम किंवा सोल्डरचे कण बसतात, संपर्काचा रोध वाढतो आणि चांगले डाय नापास होऊ लागतात. ठरावीक टेकवण्यांनंतर साफसफाईच्या पत्र्यावर सुया घासायच्याच. घासल्या नाहीत तर यील्ड (पास नगांचं प्रमाण) घसरतं, फार घासल्या तर कार्ड लवकर संपतं. नेमका आकडा शोधायची रीत: संपर्क-रोधाचा आलेख टेकवण्यांच्या संख्येबरोबर काढा. तो जिथे वर वळतो, त्याच्या थोडं आधी सफाई.

पायरी ६: अंतिम चाचणी

पॅकेज झालेल्या चिपची चाचणी जास्त सविस्तर असते. इथेच वेग, किमान व्होल्टेज आणि गळती पाहून चिपांचे गट पाडतात. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये एकाच बागेतली द्राक्षं निर्यातीची आणि स्थानिक बाजाराची अशी वेगळी होतात, तसंच एकाच वेफरमधून महागडा आणि स्वस्त प्रोसेसर निघतो. आठांपैकी एक कोअर खराब असेल तर दोन कोअर कायमचे बंद करून तो सहा कोअरचा म्हणूनही विकला जातो. फेकून दिला असता तो नग पैसे मिळवून देतो. म्हणून प्रतवारीच्या चाचणीवर घालवलेला अर्धा सेकंद वसूल होतो.

एका चिपला ३ सेकंद, चार सॉकेटवर ३.९, हँडलरची अदलाबदल ०.६. नगामागे १.१३ सेकंद, २ रुपये ६६ पैसे. नाशिकचे बरेच कारखाने वाहनउद्योगासाठी काम करतात, तर त्यांच्यासाठी महत्त्वाची गोष्ट: वाहनाच्या चिपांना सहसा थंड, सामान्य आणि गरम अशा तिन्ही तापमानांना तपासतात. एईसी-क्यू१०० या वाहनांच्या चिपांसाठीच्या मानकाच्या ग्रेड १ ला उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअस. म्हणजे तीच चाचणी तीनदा. ४ टक्के नग पुन्हा तपासावे लागतात असं धरलं तर ८ रुपये २८ पैसे. सॉकेट दीड लाखाचा आणि २ लाख वेळा चालणारा असेल तर प्रत्येक वेळेला ७५ पैसे, तीन तापमानांचे फेरचाचणीसह २ रुपये ३४ पैसे.

फेरचाचणीचा आकडा दर आठवड्याला बघा. पहिल्या खेपेत नापास आणि दुसऱ्या खेपेत पास, असे नग वाढले की दोष जवळपास नेहमी सॉकेटच्या स्प्रिंग पिनांचा असतो. चार सॉकेटचं यील्ड वेगवेगळं काढा. एकच सॉकेट बाकीच्यांपेक्षा दोन-तीन टक्के मागे असेल तर लॉट तिथेच थांबवा. थंड तापमानाला नापास वाढले तर सॉकेटवर दव बसतंय का ते पाहा. कोरड्या हवेचा झोत कमी पडला की पावसाळ्यात हे हमखास होतं.

हिवाळ्यात उलट दुखणं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी आणि कोरडी हवा सगळ्यांच्या परिचयाची. अशा हवेत स्थिर विद्युत साठते. चाचणी विभागात आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवतात ती याचसाठी. मनगटपट्टा ऑपरेटरच्या अंगावरचा भार उतरवतो, पण हँडलरच्या प्लॅस्टिक चोचीला घासून भारित झालेली चिप सॉकेटला टेकताच स्वतःच ठिणगी टाकते, तिथे पट्टा काय करणार! तिथे आयोनायझरच हवा, आणि तो चालू आहे का हे रोज मोजलं पाहिजे.

हँडलरमध्ये चिप धरणारे आणि दाबणारे भाग प्रत्येक पॅकेजच्या मापाप्रमाणे नवे बनवावे लागतात. त्यांना चेंज किट म्हणतात. अचूक मशीनिंग, सपाटी, समांतरता, कडक लेप, हे सगळं अंबड-सातपूरच्या टूलरूमच्या रोजच्या हातखंड्यातलं आहे. चिप उद्योगात शिरायला फॅबची (चिप बनवणाऱ्या कारखान्याची) वाट बघायची गरज नाही, हा दरवाजा आत्ताच उघडा आहे.

पायरी ७: सिस्टीम लेव्हल टेस्ट आणि बर्न-इन

२०२१ मध्ये गूगल आणि मेटाच्या इंजिनिअरांनी जाहीरपणे मांडलं की त्यांच्या डेटा सेंटरमधले काही कोअर गुपचूप चुकीची गणितं करतात, कुठलीही सूचना न देता. गूगलच्या अंदाजाने काही हजार मशिनांमागे असे मोजके कोअर होते. हे सगळे कारखान्यातल्या चाचण्या पास होऊन आलेले. काही दोष ठरावीक सूचना, ठरावीक डेटा, ठरावीक तापमान असं सगळं जुळलं तरच दिसतात, आणि ते स्कॅनमध्ये सापडत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष सॉफ्टवेअर चालवून बघणं वाढलं आहे.

पाच मिनिटांची चाचणी महागड्या टेस्टरवर केली तर ७०८ रुपये होतील. म्हणून ती साध्या बोर्डांच्या मोठ्या कपाटात करतात. २४० खाचांचं कपाट असेल तर ३०० सेकंद भागिले २४०, नगामागे सव्वा सेकंद. कपाटाचा वर्षाचा खर्च ३ कोटी आणि वापर तोच ७० टक्के धरला तर १ रुपया ७० पैसे.

बर्न-इनमध्ये चिप १२५ अंशाला, वाढीव व्होल्टेजवर काही तास चालवतात, म्हणजे कच्चे नग ग्राहकाकडे जाण्याआधीच पडतात. सक्रियण ऊर्जेची (तापमानाने झीज किती वाढते हे ठरवणाऱ्या आकड्याची) ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही नेहमीची किंमत धरली तर १२५ अंशाचा एक तास ५५ अंशाच्या सुमारे ७८ तासांइतका. २४ तासांत अडीच महिन्यांचं आयुष्य सरतं. नवी प्रक्रिया असेल तर सगळ्या नगांवर करा, नापासांचं प्रमाण स्थिर झालं की नमुन्यावर आणा. पहिल्या दिवसापासून वगळू नका.

पायरी ८: किती चाचणी पुरे?

चाचणी किती टक्के दोष पकडते याला कव्हरेज म्हणतात. यील्ड ९० टक्के असताना कव्हरेज ९५ टक्के असेल, तर नेहमीच्या सूत्राने दर दहा लाख नगांमागे ५,२५० खराब नग ग्राहकाकडे पोहोचतात. ९९ टक्क्यांना १,०५०, आणि ९९.९ टक्क्यांना १०५. शेवटच्या ०.९ टक्क्यासाठी पॅटर्न भरमसाट वाढतात आणि सेकंदही. खेळण्यातल्या चिपला ९९ पुरे असेल, ब्रेकच्या कंट्रोलरला नाही.

एखादी चाचणी कधीच कोणाला नापास करत नाही म्हणून काढून टाकायची असेल, तर आधी आकडा पुरेसा मोठा आहे का पाहा. ३ लाख नगांत एकही नापास नसेल, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की प्रमाण दहा लाखांत १० पेक्षा कमी आहे. १० हजार नगांवरून तोच निष्कर्ष काढला तर मर्यादा दहा लाखांत ३०० इतकी सैल असते. आणि मोजताना ती चाचणी एकटीने पकडलेले नग मोजा. दुसऱ्या चाचणीतही पडले असते ते धरू नका.

पायरी ९: तयारीचा खर्च मिळवा

आता बेरीज. सॉर्ट २.४८, प्रोब कार्ड ०.९१, तीन तापमानांची अंतिम चाचणी ८.२८, सॉकेट २.३४, सिस्टीम चाचणी १.७०. एकूण १५ रुपये ७१ पैसे. अंतिम यील्ड ९७ टक्के, म्हणून चांगल्या नगामागे १६ रुपये २० पैसे.

टेस्ट प्रोग्रॅम लिहिणं, लोडबोर्ड, चेंज किट आणि पात्रता चाचण्या मिळून १ कोटी धरू. पात्रतेत एकट्या गरम-आयुष्य चाचणीला तीन लॉटमधले ७७-७७ नग १००० तास ठेवावे लागतात. दहा लाख नगांवर हा १ कोटी पसरला तर नगामागे १० रुपये. ५० हजार नगांवर पसरला तर २०० रुपये!

म्हणून ५० हजारांच्या आत असाल तर सेकंद वाचवण्यामागे लागू नका. वेळ निम्मा केला तरी जेमतेम सहा-सात रुपये वाचतील. त्याऐवजी आधीपासून उपलब्ध असलेलं पॅकेज निवडा, म्हणजे चेंज किट आणि सॉकेट तयार मिळतील. चाचणी कंपनीकडे पडून असलेल्या जुन्या, घसारा संपलेल्या टेस्टरवर बसेल असा प्रोग्रॅम करा. दोन सॉकेटपुढे जाऊ नका, बोर्ड सोपा राहतो. नग वाढले की मग कॉम्प्रेशन, समांतरता, थांबे, सगळ्याला हात घाला. कॉम्प्रेशनचं सर्किट मात्र पहिल्याच डिझाइनमध्ये टाकून ठेवा, ते नंतर घुसवता येत नाही.

हेच गणित अंबडच्या बोर्ड बनवणाऱ्या छोट्या युनिटलाही लागू पडतं, फक्त भाव वेगळा. ऑपरेटर आणि फिक्स्चर मिळून महिन्याला ६० हजार, २६ दिवस, ८ तास: सेकंदाला ८ पैसे. तिथे वेळ खातं ते बहुधा कंट्रोलरमध्ये सॉफ्टवेअर भरणं. १ एमबी सेकंदाला १०० केबीने भरलं तर १० सेकंद. आठ बोर्ड एकदम भरणारा प्रोग्रॅमर आणला की तो बहुतेक वाचतो.

पायरी १०: कोटेशन मागताना

भाव तासाचा आहे की नगाचा, आणि तासाचा असेल तर हँडलर त्यात धरला आहे का, हे लेखी घ्या. हँडलरची अदलाबदल आणि वेफर बदलण्याचा वेळ कोणाच्या खात्यात? फेरचाचणी किती टक्क्यांपर्यंत दरात, आणि संपर्काच्या दोषाने झालेली फेरचाचणी कोणाच्या माथी? सॉकेट आणि प्रोब कार्ड संपल्यावर नवं कोण घेणार? कमीत कमी लॉट किती? प्रत्येक नगाची मोजमापं मिळणार की फक्त पास-नापास? फक्त पास-नापास घेऊ नका. वर्षभराने एखादा नग ग्राहकाकडून परत आला, तर त्याची मूळ मोजमापं नसताना कारण शोधणं अशक्य होतं. आणि टेस्ट प्रोग्रॅमचा मूळ कोड तुमच्या मालकीचा राहील हे करारात घाला. ते नसेल तर दुसऱ्या कारखान्यात काम हलवताना तो १ कोटी पुन्हा मोजावा लागेल.